टेक्स्ट एडिटर तपासायलोय: 'वाऱ्या' शोधलं तर निम्म्याच जागा सापडल्या

मांजराकाठ (३ डिसेंबर, रात्री १०:५०)

नमस्कार मंडळी. लातूर जिल्ह्यात तहसीलसमोर माझं टायपिंग-झेरॉक्सचं दुकान आहे. दिवसभर अर्ज, प्रतिज्ञापत्रं, लग्नपत्रिका. हे काम मात्र गिऱ्हाइकाचं नाही, घरचं आहे. आईचे वडील जन्मभर शेतीतले शब्द वहीत उतरवत राहिले. नऊ वह्या भरल्या. तिफण, मोघडा, बळद, कासरा, येळवस, आंबिल... शब्द, अर्थ आणि खाली एक-दोन वाक्यं. ते सगळं साध्या टेक्स्ट फाइलमध्ये घ्यायचं ठरवलंय. जुन्या फॉन्टांत केलेली कामं घेऊन लोक माझ्याकडं येतात, फॉन्ट नसला की नुसता इंग्रजी कचरा दिसतो. आजोबांचं तसं होऊ द्यायचं नाही.

साडेचार हजार नोंदी झाल्यात. निम्म्या मी केल्या, निम्म्या भाच्यानं त्याच्या लॅपटॉपवर.

पुढचं काम कोणत्या एडिटरात करावं म्हणून चार एडिटर उतरवून घेतले आणि कसोटीची एक फाइल बनवली. तिच्यात मुद्दाम अडेल शब्द घातले: स्त्री, क्षितिज, ऱ्हाट, ॲसिड, दर्या, दऱ्या, कंधार, कळमनुरी. नावं घेत नाही, पहिला दुसरा म्हणतो.

उघडणं-जतन करणं चारीत ठीक. 'क्षि'वर बॅकस्पेस मारला तर आधी वेलांटी जाते, मग ष, मग पाय, मग क. म्हणजे चार कळा. तेच कर्सर पुढं ठेवून डिलीट मारला तर अख्खं अक्षर एका दणक्यात गायब. चारीत तसंच, म्हणजे ही रीतच असावी. तिसऱ्यात अक्षरांची रुंदी सारखी ठेवायच्या नादात 'स्त्री' 'स् त् री' असं फाटून दिसतंय. तो बाद.

आता खरी अडचण. नोंदींच्या मूळ फाइलीत 'वाऱ्या' शोधलं. पहिल्या एडिटरानं २६ जागा दाखवल्या, दुसऱ्यानं २६, चौथ्यानंही २६. मी फाइल छापून पेन्सिलीनं खुणा केल्या तर ५१ आहेत. डोळ्यांना दिसायलंय, शोधाला सापडेना. हे काय गौडबंगाल?

तेरणा (३ डिसेंबर, रात्री ११:०५)

निम्मे वाऱ्यावर गेले असतील भाऊ.

दुधनाखोरं (३ डिसेंबर, रात्री ११:३०)

मांजराभाऊ, मजकुरात कधी कधी अदृश्य अक्षरं शिरतात. वेबवरून चिकटवलं की हमखास. माझ्याकडं जालन्याच्या एका पतसंस्थेच्या यादीत असंच झालं होतं, नाव दिसायचं पण सापडायचं नाही. सोपा उपाय आहे. शोधा-बदलामध्ये 'रेग्युलर एक्स्प्रेशन' चालू करा. शोधायच्या चौकटीत उलटी तिरकी रेघ, मग छोटा एक्स, मग महिरपी कंसात २००डी. बदलायची चौकट रिकामी ठेवा. 'सगळे बदला' दाबा. तेच २००सी साठी करा. फाइल स्वच्छ होते.

मांजराकाठ (४ डिसेंबर, सकाळी ८:१५)

दुधनाभाऊ, लई उपकार. २००डी च्या १,१३८ जागा निघाल्या, सगळ्या काढल्या. जतन केलं. आता दुकान उघडतो, संध्याकाळी सांगतो.

बिंदुसरा (४ डिसेंबर, सकाळी ९:४०)

थांबा थांबा थांबा. मांजराभाऊ, फाइल बंद करू नका. अनडू करा आधी!

मांजराकाठ (४ डिसेंबर, रात्री ९:२०)

बिंदुसरा, उशीर झाला. फाइल सकाळीच बंद केली होती. आत्ता उघडली. 'कासर्यानं बैल बांधला.' 'सर्या पाडल्या.' 'चार्याला पैसं नव्हतं.' 'गड्यानं भार्या उचलून बांधावर टाकल्या.' आजोबांच्या गड्यानं गवताच्या भाऱ्या उचलल्या होत्या हो, बायका नाही.

हसू पण आलं आणि पोटात गोळा पण. साडेचार हजार नोंदींची ही गत.

दुधनाखोरं (४ डिसेंबर, रात्री ९:३५)

माफ करा भाऊ. माझ्या यादीत चाललं होतं, म्हणून बोललो. यादीत सगळी आडनावं होती, त्यांत हा 'ऱ्या' आलाच नसेल.

बिंदुसरा (४ डिसेंबर, रात्री ११:५०)

मूळ बीडचा, पोट पुण्यात, काम सॉफ्टवेअर टेस्टिंगचं. जरा सविस्तर लिहितो, कारण हा घोळ मराठीचा खास आहे, हिंदीवाल्यांना तो माहीतच नसतो.

'वाऱ्या' दोन तऱ्हांनी टंकता येतं. एक, नुक्त्याचा ऱ (युनिकोडमध्ये, म्हणजे प्रत्येक अक्षराला क्रमांक देणाऱ्या यादीत, ०९३१), त्याला हलन्त, मग या. दोन, साधा र (०९३०), हलन्त, त्यापुढं न दिसणारं एक जोडचिन्ह, ज्याला झेडडब्ल्यूजे म्हणतात, क्रमांक २००डी, आणि मग या. हे बघा: वाऱ्या आणि वार्‍या. पडद्यावर एकसारखे, फाइलीत वेगळे. युनिकोडला दोन्ही मान्य आहेत, पहिली तऱ्हा पसंतीची. मांजराभाऊ, तुम्ही इनस्क्रिप्ट कळफलक वापरत असणार, तिथं शिफ्ट धरून जे दाबलं की ऱ येतो. भाच्याच्या कळफलकात अर्ध्या र ची वेगळी कळ असेल, ती दाबली की दुसरी तऱ्हा उमटते. म्हणून तुमचे २६ सापडले आणि त्याचे २५ लपले. एडिटर बिचारा बरोबर होता. त्याला जे बाइट शोधायला सांगितले ते त्यानं शोधले.

ते जोडचिन्ह म्हणजे कचरा नव्हे. 'हा र रफार होऊन पुढच्या अक्षराच्या डोक्यावर चढायचा नाही, अर्धा राहूनच जोडायचा' एवढं सांगायला ते तिथं बसलेलं असतं. ते काढलं की र, हलन्त, य एवढंच उरतं आणि नियमाप्रमाणं रफार होतो. कासऱ्याचा कासर्या होतो तो असा.

तिसरी तऱ्हाही आहे: र, त्यापुढं सुटा नुक्ता, मग हलन्त. काही रूपांतर करणारी साधनं असं देतात. युनिकोडच्या हिशेबानं ऱ आणि 'र अधिक नुक्ता' एकच. मजकूर एनएफसी नावाच्या रूपात आणला की सुटा नुक्ता र ला चिकटून ऱ होतो. पण जोडचिन्हाची तऱ्हा त्यानं बदलत नाही, ती हातानंच बदलावी लागते.

एडिटर तपासताना मी मराठीसाठी पहिली हीच चाचणी लावतो. दोन तऱ्हांचा शब्द एका ओळीत ठेवायचा आणि शोधायचा. दोन्ही सापडले तर तो एडिटर शोधताना मजकूर सारखा करून बघतो. एकच सापडला तर निदान आपल्याला कळलं. आणि न दिसणारी चिन्हं दाखवायची सोय आहे का, हे दुसरं.

आता कामाचं: जुनी प्रत कुठं आहे?

मांजराकाठ (५ डिसेंबर, सकाळी ७:३०)

एक प्रत पेनड्राइव्हवर आहे, पण २२ नोव्हेंबरची. तिच्यानंतर सहाशेच्या वर नोंदी वाढल्यात. भाच्यानं त्याच्याकडची फाइल मला पाठवून पुसून टाकली. 'जागा अडते मामा' म्हणाला. तीनेकशे केबीची फाइल, जागा अडते!

खामनदी (५ डिसेंबर, सकाळी ११:१०)

'सगळे बदला' ह्या बटणानं माझंही नाक कापलंय, म्हणून वाईट वाटून घेऊ नका. संभाजीनगरात छपाईचं काम करतो. २०२३ साली जिल्ह्यांची नावं बदलली तेव्हा जुन्या सगळ्या फाइलींत 'उस्मानाबाद'च्या जागी 'धाराशिव' एका झटक्यात घातलं. शेळीपालनाच्या प्रशिक्षणाचं पत्रक होतं. 'उस्मानाबादी शेळी' ही जात आहे, तिचं नाव कोण बदलणार? पाचशे पत्रकं 'धाराशिवी शेळी' छापून गेली. गिऱ्हाईक म्हणालं, ही नवी जात कुठं मिळती?

तसंच 'उस्मानाबादेत'चं 'धाराशिवेत' झालं आणि 'औरंगाबादेत'चं 'छत्रपती संभाजीनगरेत'. मराठीत शब्द कधी एकटा येत नाही, शेपूट घेऊनच येतो. 'पूर्ण शब्द जुळवा' लावलं तर 'उस्मानाबादला', 'उस्मानाबादहून' सगळे सुटतात. नाही लावलं तर शेळी सापडते. मी आता एकेक बघून बदलतो, 'पुढचा' दाबत. वेळ जातो, पण शेळी वाचती.

तेरणा (५ डिसेंबर, सकाळी ११:२५)

आमच्या जिल्ह्याची शेळी हाय ती. नाव जुनंच ऱ्हाऊ द्या, दूध त्याच्यावर अवलंबून नाही.

कयाधू (५ डिसेंबर, संध्याकाळी ६:४५)

मांजराभाऊ, घाबरू नका, निस्तरता येईल. मी हिंगोलीकडं शाळेत मराठी शिकवते, सुट्टीत शासनाच्या टायपिंग परीक्षेची पोरं तयार करते. हा रफाराचा घोळ मुलांच्या वहीत रोज तपासते, तुमच्या फाइलीत तेच करायचं.

शुद्ध संस्कृतातून आलेल्या शब्दांत रफार येतो: सूर्य, कार्य, धैर्य, आचार्य, पर्याय, मर्यादा, आश्चर्य. आणि मराठी शब्दाला प्रत्यय किंवा अनेकवचन लागून जो 'र् अधिक या' होतो तिथं अर्धा र: वारा-वाऱ्या, सरी-सऱ्या, कासरा-कासऱ्या, चारा-चाऱ्या, दोरी-दोऱ्या. शेतीच्या शब्दकोशात संस्कृत शब्द किती असणार? मूठभर. तेव्हा फाइलीतून 'र्य' असलेले सगळे वेगवेगळे शब्द काढून घ्या, एकेकदाच. त्यातले सूर्य-कार्य वेगळे बाजूला ठेवा. उरलेले ऱ्य करा. १,१३८ जागा असल्या तरी वेगळे शब्द दोन-अडीचशेच्या वर नसतील.

पण काही जोड्या फसव्या आहेत, त्या वाक्य बघूनच ठरवा. दर्या म्हणजे समुद्र, दऱ्या म्हणजे डोंगरातल्या. आचार्यांना नमस्कार करतात, आचाऱ्यांना सुपारी देतात. भार्येचं तर तुम्हीच लिहिलंत.

'ऱ्ह' विसरू नका. ऱ्हाट, ऱ्हास, ऱ्हायला. तिथंही तोच अर्धा र आहे आणि जोडचिन्ह गेल्यावर तो रफार होऊन ह च्या डोक्यावर बसला असेल. गऱ्हाणं, कऱ्हाड, तऱ्हा हेही तसेच. 'र्ह' वेगळं शोधा, खरा रफार असलेले तिथं 'गर्हा', 'अर्हता' असे एखाददुसरेच निघतील.

बिंदुसरा (५ डिसेंबर, रात्री १०:३०)

कयाधूताईंचा उपाय माझ्यापेक्षा भारी आहे. मी प्रोग्राम लिहायला बसलो होतो.

एकच सांगतो: शब्द काढताना रेग्युलर एक्स्प्रेशनमधलं 'कुठलंही अक्षर' सांगणारं 'उलटी रेघ डब्ल्यू' हे नेहमीचं चिन्ह वापरू नका. पायथन या प्रोग्रामिंग भाषेतलं 'री' हे शोधयंत्र आणि तसली बरीच यंत्रं काना-मात्रा-वेलांटीला अक्षर मानतच नाहीत, त्यामुळं 'कासरा'चे 'क' आणि 'सर' असे तुकडे होतात. सरळ ०९०० ते ०९७एफ ही देवनागरीची अख्खी पट्टी कंसात द्या, १२८ जागांची आहे. वर २००डी जोडा.

आणि कामाला हात लावायच्या आधी आत्ताच्या बिघडलेल्या फाइलीचीही प्रत काढा. हो, बिघडलेलीचीच.

आसनाकाठ (६ डिसेंबर, पहाटे ५:१०)

नांदेडहून. अभिलेखात ३१ वर्षं काढली, आता निवृत्त. पोरांनो, चाचणी करताय तर माझ्या दोन ओळी घ्या.

एक ओळ मोडीची. जुनी कागदपत्रं मोडीत, निजामाच्या काळातली उर्दूत, नंतरची बाळबोधीत. एकाच शेताचा माग काढायचा तर तिन्ही लागतात. मोडीला युनिकोडमध्ये २०१४ साली जागा मिळाली, पण ती फार वरच्या पट्टीत. देवनागरीचं एक अक्षर यूटीएफ-८ या साठवायच्या पद्धतीत तीन बाइट घेतं, मोडीचं चार. काही एडिटर चार बाइटांपाशी अडखळतात. मी एकात मोडीचं अक्षर खोडलं तर अर्धंच खोडलं आणि मागं एक चौकट उरली. कर्सर त्या अक्षराच्या पोटात जाऊन बसला होता.

दुसरी ओळ मराठीत सुरू होऊन मधे उर्दू नाव आणि पुन्हा मराठी. उजवीकडचा बाण दाबत जा. उर्दूत शिरलं की कर्सर पलीकडच्या टोकाला उडी मारतो आणि उलटा चालायला लागतो. हे चूक नाही, लिपीच तशी. पण माऊसनं निवडताना भलताच भाग निळा होतो का, ते बघा.

आणि मांजरा, तुम्ही शब्दकोश करताय. वर्णानुक्रम लावून पाहिलात का?

मांजराकाठ (६ डिसेंबर, रात्री १०:००)

काका, लावला आणि डोकं धरलं. 'ॲसिड' सगळ्यात शेवटी, ह च्याही खाली, आकड्यांच्याही खाली. 'कळंब' 'कवठा'च्या आधी. क्ष चे शब्द क मध्ये, ज्ञ चे ज मध्ये.

बिंदुसरा (६ डिसेंबर, रात्री १०:४०)

एडिटरातली 'ओळी क्रमानं लावा' ही आज्ञा बहुतेक ठिकाणी फक्त क्रमांक बघते. ळ चा क्रमांक ल च्या लगेच पुढं आहे, व च्या आधी. आपण शाळेत ह, ळ, क्ष, ज्ञ म्हणतो ते त्याला ठाऊक नाही. ॲ हे अक्षर २००८ साली उशिरा आलं, तेव्हा पट्टीत आकड्यांच्या पलीकडं जागा शिल्लक होती, तिथं बसवलं. त्याच्या आधीचे लोक 'अ' वर चंद्र वेगळा द्यायचे, तोही अजून फाइलींत सापडतो. म्हणजे तुमच्या 'ऱ्या'चा धाकटा भाऊ. तोही शोधून एकसारखा करा.

क्रम लावायचं काम एडिटरावर टाकू नका. ज्या साधनाला 'भाषा मराठी' असं सांगता येतं तिथं लावा आणि निकाल परत टेक्स्टमध्ये आणा.

तेरणा (६ डिसेंबर, रात्री १०:५५)

बरं, वीज गेल्यावर काय होतं ते कुणी तपासलं का? आमच्याकडं तीच मोठी चाचणी हाय. आठवड्यातून चार दिवस फुकट घेतली जाती.

मांजराकाठ (८ डिसेंबर, रात्री ११:१५)

तपासलं. मुद्दाम. इन्व्हर्टर काढून ठेवला, दहा ओळी टंकल्या आणि भिंतीचं बटण बंद केलं. बायको म्हणाली, येड लागलं का.

नोटपॅड प्लस प्लसमध्ये न जतन केलेला मजकूर दर सात सेकंदांनी बाजूला ठेवायची सोय आधीपासून चालू असते. सगळ्या ओळी परत आल्या, शेवटची अर्धी सोडून. विम हे जरा अवघड प्रकरण आहे, पण ते दोनशे अक्षरं झाली किंवा चार सेकंद हात थांबला की अदलाबदलीच्या फाइलीत लिहून घेतं. तिथंही मजकूर परत मिळाला, फक्त टर्मिनलमध्ये मराठी बघवत नव्हती, म्हणून रोजच्या कामाला तो नाही. चौथ्या एडिटरनं, नाव नको, फाइल उघडून दाखवली ती आतून कोरी. आकार तेवढाच, आत सगळे शून्य बाइट. तो त्याच मिनिटाला काढून टाकला.

कयाधूताईंच्या सांगण्याप्रमाणं शब्द काढले. वेगळे २१४ निघाले. खऱ्या रफाराचे फक्त १९. बाकीचे दोन रात्रींत झाले, भाचा शेजारी बसून वाचत होता आणि मी बदलत होतो, 'पुढचा' दाबत, खामभाऊंच्या शेळीची आठवण ठेवून. 'वाऱ्या' शोधलं, ५१. पुन्हा शोधलं. ५१.

भाच्यानं कळफलक बदललाय. ती अर्ध्या र ची कळ आता दाबायची नाही असं त्याच्याकडून कबूल करून घेतलंय.

कयाधू (९ डिसेंबर, सकाळी ७:०५)

छान झालं. फसवे किती उरले?

मांजराकाठ (९ डिसेंबर, दुपारी २:३०)

अकरा. त्यातला आचाऱ्याचा सुटला, वाक्यात पोतंभर गहू होता. उरलेल्या दहांत फाइल बघून काही कळत नाही, वाक्य नाही नुसता शब्द आहे. वह्या आईकडं गावी आहेत. येळवसच्या सणाला जायचंच आहे, शेतात आंबिल पिऊन झाली की वही काढून बघतो आजोबांनी र कुठं लिहिलाय, डोक्यावर का पोटाला.